रक्तातला आकडा

सूस, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार आणि विनंती विशेष वगैरे लिहीत नाही. तेवढं लिहिण्यापुरतंही आपल्यात काही उरलेलं नाही, आणि ते वाचून तू पहिल्या ओळीलाच कागद चुरगाळशील. मुद्द्याचं लिहिते, मग खुशाल चुरगाळ.

तुझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय असं शेखरकडून कळलं. शेखर म्हणजे आपल्या आत्याचाच, दुसरा कोण. इथल्या सोसायट्यांना भाजी घालायला तो टेम्पो घेऊन येतो. गंमत बघ, ज्याच्याशी लग्न करायला मी नाही म्हणाले तोच एक अजून माझ्याशी बोलतो. बायको छान मिळाली, दोन पोरं झाली, माझ्यावर त्याचे उपकारच झालेत असं म्हणतो. बाकी तुम्ही सगळ्यांनी माझा नंबर बंद करून टाकलाय. ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात आहे ते मात्र त्याला सांगता आलं नाही. पौडला असेल, घोटवड्याला असेल, भूगावला असेल. कळलं असतं तर मी सरळ डॉक्टरांशी बोलले असते आणि तुला हे वाचायची तसदी पडली नसती.

आता नीट वाच. ऑपरेशनच्या आधी रक्ताची एक तपासणी करून घे. तिचं नाव कोलिनेस्टरेज. सोबतच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलंय, ती डॉक्टरांच्या हातात दे. पूर्ण भूल देताना घशात नळी घालतात. नळी घालायच्या आधी बरेचदा एक इंजेक्शन देतात, अंगातले सगळे स्नायू सैल पडायला. त्याने माणूस पाच-दहा मिनिटं लुळा होतो, श्वाससुद्धा त्याचा त्याला घेता येत नाही. मग रक्तातलं हे कोलिनेस्टरेज नावाचं प्रोटीन त्या औषधाचा फडशा पाडतं आणि श्वास सुरू होतो. प्रोटीन म्हणजे डाळीतलं नाही. शरीर स्वतः बनवतं ते, प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं असतं.

आपल्या घरात हे प्रोटीन बिघडलेलं आहे. माझ्यात आहे. तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. असलं आणि डॉक्टरांना माहीत नसलं, तर तुझा श्वास मिनिटांच्या जागी कित्येक तास बंद राहील. मोठ्या दवाखान्यात मशीन लावून ठेवतात आणि माणूस वाचतो. लहान दवाखान्यात मशीन नसतं. आधी कळलं तर दुसरं औषध वापरतात आणि काहीच होत नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

मला हे आषाढात कळलं, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कोलिनेस्टरेज हा शब्द तू पूर्वी ऐकलेला आहेस. कुठे ते तुला आठवेल, मलाही आठवतं. हे पत्र त्याबद्दल नाही आणि माझी बाजू मांडायलाही नाही. तुला ते खरं वाटणार नाही, तर नको वाटू दे. चिठ्ठी तेवढी दे.

साधना


सूस, २० नोव्हेंबर
(हे पाठवायचं नाही)

दादा,

माझं रजिस्टर पत्र परत आलं. 'घेण्यास नकार.' पोस्टमनचं अक्षर सुरेख आहे. शेखरला तोंडी निरोप घेऊन पाठवलं, तर तू म्हणालास, 'तिची नवी नाटकं.' शेखरने हे सांगताना मान खाली घातली होती. मीच त्याला म्हटलं, जाऊ दे, चहा घे.

रडू आलं नाही. हल्ली येत नाही. जेवण होतं, झोप होते, कामाला जाते, तिथे कोणी काही बोललं तर हसतेही. आपल्याला काहीतरी होत असणार एवढं कळतं, पण ते शेजारच्या फ्लॅटमध्ये चालल्यासारखं वाटतं.

न पाठवायच्या पत्रात सगळं लिहिता येतं, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वीची भाद्रपदातली बैठक. आत्या नारळ आणि साडी घेऊन आली होती. मी पाळण्यात असल्यापासून शेखरची होते, असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. आपल्याकडे हे असंच चालत आलंय. आजी आजोबांच्या मामाची मुलगी, आई आबांच्या मामाची मुलगी, हेमलतावहिनी तुझ्या मामाची मुलगी. मी सगळ्यांदेखत नाही म्हणाले. शेखर वाईट नव्हता, मला नको होतं एवढंच. आत्या नारळ पिशवीत घालून निघून गेली. आबा उठून बैलांना वैरण टाकायला गेले. त्यांची पाठ तेवढी मला दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंप पाठीला अडकवून भाताला औषध मारायला गेले. त्या वर्षी तुडतुडे फार होते. नाकाला फडकं बांधा म्हणून मी कितीदा सांगितलं असेल, त्यांनी कधी बांधलं नाही. दुपारी बांधावर ओकाऱ्या काढत पडलेले सापडले. तू त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंस. मी मागून पोचले, तेव्हा घशात नळी घातलेली होती.

डॉक्टरांनी आपल्याला रिपोर्ट दाखवला होता, आठवतं? कोलिनेस्टरेज. चांगल्या माणसात पाच हजारांच्या वर, आबांचं जवळजवळ शून्य. कीटकनाशक पोटात गेलं की हा आकडा पडतो, आणि इतका पडला म्हणजे ते अंगावर उडालेलं नाही, प्यायलेलं आहे, असं ते म्हणाले. संध्याकाळी मला एकटीला म्हणाले, बीपी पडतंय म्हणून झोपेचं औषध बंद केलंय, तरी बोटसुद्धा हलवत नाहीत, म्हणजे विष बरंच गेलंय. तेवढ्यात तू येऊन त्यांच्या पायथ्याशी उभा राहिलास. आधी माझ्याकडे बोट केलंस. 'हिनं मारलं आबाला. हितनं पुढं ही आमच्या उंबऱ्याला नको.' मग आबांकडे वळलास. 'आन तुमीबी लई मोठं काम केलं, आबा. पोरीपायी औषध पिलासा. मला तोंड दावाय जागा ठिवली न्हाई.'

आठवड्याने ते न्यूमोनियाने गेले. पुढचं तुला माहीत आहे. मी दहाव्यालाही नव्हते.

आता आषाढातलं. माझं ऑपरेशन चांगलं झालं. भूल उतरली आणि मला जाग आली, पण डोळे उघडेनात. पापणी उचलायची म्हटलं तर पापणी कुठे आहे तेच सापडेना. छातीत मशीन हवा भरत होतं. सगळं ऐकू येत होतं. एक सिस्टर दुसरीला पनीरची भाजी कशी करायची ते सांगत होती. भूलतज्ज्ञ कोणाला तरी फोनवर म्हणत होत्या, 'अजून का उठत नाही कळत नाही.' मी आतून ओरडत होते की मी उठलेली आहे. नंतर ओरडायचं सोडून दिलं. तेव्हा जे सोडलं ते अजून हातात आलेलं नाही, असं वाटतं. त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी मला परत झोपवलं आणि सगळं ओसरल्यावर उठवलं. बाई भल्या होत्या. सिस्टर नंतर म्हणाली, तुमचे ठोके अचानक वाढायला लागले, त्यावरून मॅडमनी ओळखलं. मग रक्त तपासलं. माझा आकडा जवळजवळ शून्य. मी कुठलं औषध मारायला गेले नव्हते.

मला काय नोकरी आहे ते तुला कधीच कळलं नाही आणि तू विचारलंही नाहीस. आत्या कशी, नवा पाहुणा आला की आडनाव विचारते, गाव विचारते, आणि चहा होईपर्यंत त्याचं देवक, त्याचे सोयरे, त्याच्या घरी कोणी कोणाशी भांडलंय, सगळं काढून मोकळी होते. माझं काम तेच. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांबलचक माळ. माळेत मणी कुठल्या क्रमाने ओवलेत त्यावर ती स्वतःशीच कशी दुमडून बसणार ते ठरतं, आणि कशी बसली त्यावर तिचं काम ठरतं. मणी वाचायचे, तशीच माळ आणखी कोणाकडे आहे ते शोधायचं आणि ही काय करत असेल ते सांगायचं. आता त्यासाठी प्रोग्राम आहेत. माळ घातली की घडी करून चित्रच काढून देतात. जिथे खात्री आहे तो भाग निळा, जिथे नाही तो नारिंगी.

मी माझ्या रक्तातून ती माळ वाचून घेतली. पाचशेच्या वर मणी आहेत आणि त्यात एक बदललेला. प्रोग्रामला बदललेली माळ दिली, तर त्याने हुबेहूब चांगल्या माळेसारखं चित्र काढून दिलं, नखशिखांत निळं. काही बिघडलेलं नाही, पक्की खात्री. हे प्रोग्राम एका मण्याच्या फरकाला फसतात, ते आम्हाला माहीत असतं. तरी ते निळं चित्र बघून मी कितीतरी वेळ बसले. त्या डॉक्टरांचा चेहरा असाच होता. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. त्यांना आकडा दिसला आणि आकड्याचा जो अर्थ ते शिकले होते तो त्यांनी सांगितला.

मग मी आत्याची रीत धरली. हीच माळ शेळीत काढली, मेंढीत, बैलात, घोड्यात, कोंबडीत. त्या जागी सगळ्यांच्यात तोच एक मणी. इतक्या लांबच्या नातलगांनी जी गोष्ट कधी बदलली नाही ती अशीच ठेवलेली नसते. आपल्या घरात तिथे जो मणी आलाय तो माळेला भलत्याच जागी वाकवतो. घडी नीट बसत नाही आणि प्रोटीन कामाला लागायच्या आधीच मोडीत निघतं.

माझ्यात ही चूक दोन्हीकडून आलीय, म्हणजे एक आबांकडून नक्की. आबांना स्वतःला दोन्हीकडून आली होती का? आजी-आजोबा मामे-आतेभावंडं होते, त्यावरून आली असावी, असा अंदाज. तुला निम्मी शक्यता लिहिली ती हे धरून. तसं असेल तर आबांचा आकडा जन्मापासून शून्याजवळच होता. नाकातोंडाला फडकं न बांधता मारलेलं थोडं औषधही त्यांना जास्त लागलं असणार. आणि नळी घालताना त्यांना तेच इंजेक्शन दिलं असेल, तर ते हलत नव्हते ते विषाने नाही.

असेल, असावी, असणार. आबा माझी चेष्टा करायचे की हिला जेवलीस का विचारलं तरी 'बहुतेक' म्हणते. खरं सांगायचं तर आबा प्यायले नव्हते, हे यातून सिद्ध होत नाही. ज्याला आपण पुरावा म्हणत होतो तो पुरावा नव्हता, इतकंच होतं. बाकी भाग नारिंगीच आहे.

आणि म्हणूनच हे तुला सांगता येत नाही. तुला वाचवायची गोष्ट आणि मला सोडवायची गोष्ट एकच झाली आहे. मी तोंड उघडलं की तुला दुसरीच ऐकू येणार. मला तुझा राग यायला हवा. येतही असेल.

आणखी एक. तू पायथ्याशी उभा राहून बोलत होतास तेव्हा माझं लक्ष आबांच्या उशाच्या मशीनकडे होतं, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं. ठोक्यांचा आकडा चढत होता. तू माझ्यावर ओरडलास तेव्हा चढला, आबांना बोललास तेव्हा आणखी चढला, आणि तू बाहेर गेल्यावर हळूहळू उतरला. तिथल्या सिस्टरला विचारलं तर म्हणाली, औषधांनी होतं असं.

हे मात्र तुला कधीच कळता कामा नये.


सूस, २४ नोव्हेंबर

हेमलतावहिनी,

हे शेखर तुमच्या हातात देईल. दादाला दाखवू नका. माझ्याबद्दल तुम्हाला जे वाटतं ते वाटू दे, त्याचं मला काही नाही.

सोबत चिठ्ठी आहे. ती पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात गेल्यावर सिस्टरकडे द्या. रक्ताची एक जास्तीची तपासणी आहे, ती ऑपरेशनच्या आधी व्हायलाच हवी. आपल्या घरात एक दोष आहे. भुलेच्या वेळचं एक इंजेक्शन आमच्या रक्ताला पचत नाही. आषाढात मला ते दिलं आणि मी कित्येक तास मढ्यासारखी पडून होते. हात हलत नव्हता, श्वास मशीन देत होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं. दादावर हे येऊ नये म्हणून लिहिलं.

आकडा कमी आला तर घाबरू नका. माझाही तसाच आहे. डॉक्टरांना चिठ्ठीची दुसरी बाजू वाचायला सांगा, तिथे माझा फोन नंबरही आहे.

पिंकी मोठी झाली असेल. नववीला ना?

साधना


माले, ८ डिसेंबर

साधे,

मला पत्र लिवायची सवय न्हाई. धाव्वीनंतर पेन धरला तो सह्या करन्यापुरता. फोन लावला आसता, पर फोनवर मला ही बोलता यायचं न्हाई. शेखरच्या हातानं धाडतोय.

माझं आप्रेशन राह्यलंय. झालं काय ती सांगतो. सकाळी वांग्याला औषध मारलं आन तसाच दवाखान्यात गेलो, भरती व्हायला. हेमलतानं तुझी चिठ्ठी माझ्या चोरून सिस्टरला दिली. सिस्टरनं वरचं नाव बगून रक्त घेतलं आन चिठ्ठी फायलीत खोवून दिली. माझं मी खाटंवर बसून मोबाईल बगत व्हतो. तेवढ्यात एक नवा डाक्टर आला, पोरगाच व्हता. हेमलताला म्हनला, बाई तुमी भाईर थांबा. पडदा वढला आन माझ्याजवळ बसून हळूच म्हनला, 'काका, काय घेतलंत? घाबरू नका, खरं सांगा.'

मला आधी कळंचना. म्हनलो, चा घेतला. तो म्हनला, 'औषध किती घेतलंत? तुमच्या कपड्यांना वास येतोय आणि रिपोर्टमध्ये आलंय.' आन आकडा दावला. साधे, तो आकडा माझ्या वळखीचा व्हता. आबाचा जेवडा व्हता तेवडाच.

मी म्हनलो, 'म्या काय घेतलं न्हाई.' तो म्हनला, सगळे असंच म्हणतात. मी पुन्हा म्हनलो. मी जेवडं म्हनायचो तेवडा तो मऊ बोलायचा, खुळ्या मानसाशी बोलत्यात तसा. दोघांनी धरून नाकातनं नळी घातली आन पोट धुतलं. पोलिसाला फोन लावला. भाईर हेमलताला कुनीतरी इचारलं, घरात भांडान झालतं का. ती म्हनली, नवराबायकूत व्हतंय तेवडंच. मग ती समदी एकमेकाकडं बगाय लागली. आमच्या भांडनातबी कारन सापडलं त्यास्नी.

शेवटी हेमलता पडदा सारून आत आली आन फायलीतनं चिठ्ठी काडून त्याच्या पुढ्यात धरली. म्हनली, 'मागची बाजू वाचा.' त्यानं वाचलं. मोठ्या डाक्टरला फोन लावला, मग तुला लावला. तुला म्हायतीच हाय ती. मग नळी काडली आन सॉरी काका म्हनला. पोरगं वाईट न्हाई.

आता खरी गोष्ट लिवतो. ही मी कुनाला सांगितलेली न्हाई, हेमलतालाबी न्हाई.

त्या दिवशी जीपमदी आबाचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. पौडाच्या अलीकडं आबा बोललं. म्हनलं, 'जालू, म्या काय घेतलं न्हाई.' दोनदा म्हनलं. मी म्हनलो, 'गप पडा आता.' मला वास येत व्हता आन आदल्या दिवसाची बैठक डोक्यात व्हती. मग डाक्टरनं आकडा दावला, तवा मला वाटलं आबा लाजंनं खोटं बोललं. त्या खाटंवर माझ्या तोंडातनं तीच वाक्य निगालं. आन तवा कळलं का ती खरं सांगनाऱ्याच्याबी तोंडातनं असंच निगतं.

तुला जी जी बोललो त्याचं आता काय करायचं ती मला कळंना. माफ कर म्हनलं तर लई सोपं हुईल.

एकच इचारायचं हाय. तू हेमलताला लिवलंस का हलता येत नव्हतं पर समदं ऐकू येत व्हतं. आबालाबी येत व्हतं का? मी पायथ्याला हुबा राहून जी बोललो ती. तू तितं व्हतीस. तुझं शिक्षान त्यातलंच हाय. खरं काय ती लिव. मला दोन घास ग्वाड लागंना झालंत.

जालिंदर


सूस, १३ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र शेखरने दिलं. मी सोसायटीच्या गेटपाशी उभ्यानेच वाचलं. वॉचमनने खुर्ची दिली, म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. आबांना काहीही ऐकू येत नव्हतं.

मशीनवरच्या माणसाला झोपेचं औषध चालू ठेवतात आणि आबांचं शेवटपर्यंत चालू होतं. त्या औषधाखाली माणसाच्या कानाशी ढोल वाजवला तरी पोचत नाही. माझं वेगळं झालं. ऑपरेशन संपलं म्हणून मला उठवायला त्यांनी झोपेचं औषध थांबवलं आणि तेवढ्यात मी सापडले. आबांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आमच्या कामात कोणी कशालाच शंभर टक्के म्हणत नाही. आबा माझ्या त्या 'बहुतेक'वर किती हसायचे ते तुला आठवत असेल. हे शंभर टक्के सांगते. तू बोललास ते मी ऐकलं आणि भिंतींनी ऐकलं, आबांनी नाही. जेवत जा नीट.

जीपमध्ये ते जे म्हणाले ते खरं होतं. त्याला मला कुठलं चित्र बघायला लागत नाही. तीन महिने मी बैलाच्या आणि कोंबडीच्या माळा वाचत बसले होते आणि ते वाक्य तुझ्याकडे होतं.

ते वाचलं आणि मला वाटलं, आता रडू येईल. नाही आलं. तेच वाक्य मात्र परत परत वाचत राहिले, इतकं की शेखरने कागद माझ्याकडून घेतला. तेवढंही बऱ्याच दिवसांनी झालं, म्हणून बरं वाटलं.

माझ्याशी बोललास त्याचं काय करायचं ते मलाही कळत नाही. सध्या नुसतं राहू दे. मी विसरले म्हणणार नाही, कारण विसरलेले नाही.

आता कामाचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी माझं परत बोलणं झालं. ऑपरेशन भूगावला, मशीन असलेल्या दवाखान्यात करा. भूलतज्ज्ञांना मी सगळं लिहून पाठवलंय. ते त्या इंजेक्शनच्या जागी दुसरं देतील आणि तू बाकीच्यांसारखाच उठशील. वांग्याला औषध मारणं तुझं आजपासून बंद. पंप दुसऱ्या कोणाला तरी उचलू दे, आणि कोणीही उचलला तरी तोंडाला फडकं बांधायला लाव. आपल्यासारख्या रक्ताच्या माणसाला ते चालत नाही. पिंकीचं रक्त तपासून घ्या, चिठ्ठी तिच्या दप्तरात कायम असू दे. तिच्या लग्नाचं बघाल तेव्हा नात्यात बघू नका. आत्या रुसेल, तर तिला माझ्याकडे पाठव.

वहिनींना सांग, चिठ्ठी फायलीतून काढून त्यांनी जे केलं ते माझ्या सगळ्या शिक्षणाला जमलं नसतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी येते. उंबऱ्याचा प्रश्न नाही, दवाखान्याला उंबरा नसतो. तुला बाहेर आणतील तेव्हा तू अजून गुंगीत असशील, डोळे मिटलेले असतील. तोवर मी उशाशी बसून राहीन. वहिनी असोत, आत्या असो की कोणी डॉक्टर असो, तू पुरता उठेपर्यंत तुझ्याजवळ कोणालाही वेडंवाकडं एक अक्षर बोलू देणार नाही.

साधना